पालक-लेट्यूसच्या रोपांना पाण्यातून काय द्यावं: जीवामृत, पेंडीचं पाणी की विद्राव्य खतं?

खानापूरकर
कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेतल्या रोपांना जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं) आणि गांडूळपाणी द्या, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. मला हे पटत नाही. रोपाला नत्र लागतं ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपात, आणि ट्रेतल्या मूठभर कोकोपीटमध्ये ते तयार करणारे जिवाणू जवळजवळ नसतातच.

त्याऐवजी विद्राव्य खतं द्या. 100 लिटरला कॅल्शियम नायट्रेट 50 ग्रॅम, 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) 25 ग्रॅम, 0:52:34 (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) 12 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 25 ग्रॅम, चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधलेलं) लोह 2 ग्रॅम आणि थोडं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण. मऊ पाण्यात ईसी (द्रावणातल्या क्षारांचं मोजमाप) 1.2 च्या आसपास येते. बीजपत्रं उघडेपर्यंत साधं पाणी, पहिलं खरं पान येईपर्यंत अर्धी मात्रा, मग पूर्ण. पीएच 5.8 ते 6.2. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा. घट्ट द्रावणातच सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडली की पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे तुमचंच खत.

चिकोडीचं रान
दादा, दोष जीवामृताचा आहे आणि शिक्षा सगळ्या सेंद्रियाला देताय. जीवामृत मातीसाठी आहे. त्यातल्या गुळावर आणि बेसनावर दुसरेच जिवाणू माजतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात, मुळांवर बुळबुळीत थर धरतो. ते पाण्यात नकोच.

पण पेंडीचं पाणी आधी मुरवून घेतलं तर? 100 लिटरच्या ड्रमात चोवीस तास हवेचा पंप, जिवाणूंसाठी फडक्यात बांधलेलं मूठभर कुजलेलं कंपोस्ट, आणि त्यांना बसायला तळाला विटांचे तुकडे. रोज 10 ग्रॅम शेंगपेंड, 15 दिवस. पेंडीत साधारण 7 टक्के नत्र, म्हणजे 150 ग्रॅम पेंडीतून एकूण 10 ग्रॅम नत्राच्या आसपास. तुमच्या मिश्रणातही जवळपास तेवढंच आहे. एकदम 150 ग्रॅम टाकली तर मात्र ड्रम सडलाच म्हणून समजा. जपानमध्ये माशांच्या अर्कावर याच तत्त्वाने पद्धत बसवलेली आहे.

खानापूरकर
हिशोब बरोबर, पण ते सगळं नत्र मोकळं होत नाही. आणि पीएचचं काय? नायट्रेट करणारे जिवाणू 7 ते 8 ला जोमात असतात, 6 च्या खाली मंदावतात. रोपाला नेमका 6 च लागतो. शिवाय 1 ग्रॅम अमोनियाकल (अमोनियाच्या रूपातल्या) नत्राचं नायट्रेट होताना 7 ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्च होते. घाटाकडच्या पावसाच्या मऊ पाण्यात पीएच धाडकन कोसळेल, काम अर्ध्यात थांबेल आणि उरलेला अमोनिया रोपाला जाईल. मुळांची टोकं तपकिरी होतात ती यानेच.

चिकोडीचं रान
म्हणूनच ड्रम वेगळा ठेवायचा! तिथे पीएच 7.5, ट्रेत सोडताना फॉस्फोरिक आम्लाने 6. आमच्या काळ्या रानातलं बोअरचं जड पाणी तुम्हाला डोकेदुखी वाटतं, पण त्यातलं बायकार्बोनेट पीएच सावरून धरतं, ते इथे कामाला येतं. तुमच्याकडे ड्रमात शिंपल्यांचा चुरा टाकावा लागेल. मत्स्यटाकीची अमोनिया-नायट्राइट किटं मिळतात. दोन्ही शून्यावर आल्याशिवाय एक थेंबही ट्रेत सोडू नये.

निपाणी नाका
एवढा खटाटोप कशाला? 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) द्या, झालं.

खानापूरकर
नाही. त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरिया ईसी मीटरला दिसत नाही. त्यात कॅल्शियमही नाही. लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा जळणार.

चिकोडीचं रान
इथे मी खानापूरकरांच्या बाजूने. पण गोव्याला जाणाऱ्या भाजीत बिनरसायनाच्या मालाला गिऱ्हाईक असेल, तर ड्रमचे कष्ट वाया जात नाहीत.

खानापूरकर
बिनरसायन म्हणा, 'सेंद्रिय प्रमाणित' म्हणू नका. युरोपात मातीविना पिकवलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणताच येत नाही, अमेरिकेत चालतं. आणि पेंडीच्या पाण्यातून लोह कसं पुरवणार तेही सांगा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती नत्राची नाही, लोहाची कमतरता.

चिकोडीचं रान
लोह मीही चिलेटेडच देतो, पीएच 6 वर आणल्यानंतर. 6.5 च्या वर ईडीटीए या चिलेटमधलं लोह टिकत नाही, तिथे डीटीपीए चिलेटचं घ्यावं. तेवढ्यापुरतं माझं द्रावण शुद्ध सेंद्रिय नाही, हे मान्य.