उत्तर: दोरी सैल पडते का?

वर एकांनी लिहिलंय की दोन उपग्रह दोरीला बांधून गोफणीसारखे फिरवले की दोरी ताणलेलीच राहणार, फिरवण्याची दिशा कुठलीही असो. पहिला भाग बरोबर, पण वेग पुरेसा असेल तरच. दिशेचं मात्र पटत नाही. दोरी आडवी, म्हणजे कक्षेच्या रेषेत आली की गुरुत्वाकर्षणातला फरक ताण वाढवण्याऐवजी कमी करतो. कोथरूडमधल्या आमच्या अभ्यासगटात दोरीतल्या ताणाचा आलेख काढला होता (वर्तुळाकार कक्षा, बिनवजनाची दोरी). कक्षेच्याच दिशेने फिरवलं तर दोरी उभी (पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेली) असताना, त्या उभ्या रेषेच्या सापेक्ष, कक्षेच्या कोनीय वेगाच्या साधारण 1.73 पट गती पुरते. उलट दिशेने तीच गती दिली की रेघ शून्याखाली घसरते, म्हणजे खरी दोरी लोंबकळणार. तिथे किमान 2.65 पट लागते. गणित अवघड नाही, चिन्हं तेवढी सांभाळायची.

नासाच्या जेमिनी 11 या मोहिमेचं उदाहरण इथे कुणीच दिलं नाही. सप्टेंबर 1966 मध्ये कॉनराड आणि गॉर्डन या अंतराळवीरांनी यान सुमारे 30 मीटर डेक्रॉनच्या (पॉलिएस्टर धाग्याच्या) पट्ट्याने अजेना या मानवरहित यानाला बांधून फिरवलं. वेग मिनिटाला 38 अंश, कक्षेचा स्वतःचा जेमतेम 4. म्हणजे वरची अट कधीच पार झालेली, तरी सुरुवातीला पट्टा ताठ करतानाच त्यांची दमछाक झाली.