ईएसपीचा पिवळा दिवा लागला तेव्हा घरी काय तपासलंत? (अनुभव धागा, खास मराठवाड्यासाठी)

मंडळी, घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा डॅशबोर्डवर लागला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, "काही होत नाही, चालवा." दुसरा, "मोड्यूल (यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं, बदलावं लागेल." मला दोन्ही पटत नाहीत. ईएसपी म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा. बॉश कंपनीची ही यंत्रणा १९९५ साली मर्सिडीजच्या बड्या गाडीत आली. आता ती तालुक्याच्या गावातल्या साध्या गाड्यांतही आहे, पण तिचा स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असलेला मिस्त्री गाठायला अजून जिल्ह्याचं गाव धरावं लागतं. म्हणून घरच्या घरी काय पाहता येतं ते एका जागी यावं, एवढीच इच्छा आहे.

ईएसपी पूर्णपणे दुसऱ्यांच्या खबरींवर चालते: चारही चाकांचे वेग, स्टिअरिंग किती वळलं, गाडी प्रत्यक्षात किती वळली, ब्रेकचा दाब. एक खबर जरी आली नाही तरी ती स्वतःला बंद करून घेते आणि दिवा लावते. दुखणं त्यामुळे बहुतेक वेळा भलतीकडेच असतं. निसरड्या रस्त्यावर दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे, तिथे काळजी नको. सतत जळत राहिला तर बिघाड समजा. तुमच्या गाडीला काय झालं, काय तपासलंत आणि शेवटी काय निघालं, ते सविस्तर लिहा.

परभणी, शेतकरी

आमच्याकडं पाऊस लागला की शेतरस्त्याची काळी माती चाकात अशी भरते की चाक फिरेना होतं. त्यातच एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी, दोन्ही दिवे सोबत लागले. गाडी सपाट जागी घेतली, हँडब्रेक ओढला, बाकीच्या चाकांना दगड लावले आणि मग जॅकवर चढवून एकेक चाक काढलं. मागच्या डाव्या चाकात आतल्या बाजूनं माती वाळून विटेसारखी झाली होती. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तिच्यात अडकून क्लिपमधून निसटली होती आणि ताणली गेली होती. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचं नाही, वायर तुटते. पाणी सोडून माती भिजू दिली, हातानं काढली, वायर परत क्लिपमध्ये बसवली. कनेक्टर उघडून आत ओल नाही ना तेही पाहिलं. गाडी थोडी चालवल्यावर दोन्ही दिवे गेले. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट कनेक्टरवर मारू देऊ नका, त्यानं पाणी आत शिरतं.

जालना, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो

वरच्या दादांनी केलं ते योग्यच. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत चाकाच्या सेन्सरच्या तक्रारी सगळ्यात जास्त असतात. सेन्सरच्या तोंडाशी किंवा बेअरिंगच्या चुंबकी कड्यावर लोखंडाची बारीक भुकटी चिकटते. आमच्याकडं स्टीलचे कारखाने, भंगाराची वाहतूक, त्यामुळं भुकटीला तोटा नाही. कापडानं हलकं पुसलं तरी कितीदा काम होतं.

दोन गोष्टी मनापासून सांगतो. मोबाइलला जोडायची स्वस्त ओबीडी यंत्रं (गाडीच्या सॉकेटात लावून बिघाडाचे कोड वाचणारी) बहुधा इंजिनचेच कोड दाखवतात, म्हणजे पी अक्षरापासून सुरू होणारे. चाकाचे आणि ब्रेकचे कोड सी पासून सुरू होतात. उदाहरणार्थ, सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. तेव्हा "यंत्रात काहीच आलं नाही" म्हणून गाडी चांगली आहे असं धरू नका. दुसरं, कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका. चांगल्या स्कॅनरवर चारही चाकांचे वेग चालत्या गाडीत बघा. तीन चाकं २० दाखवतात आणि एक शून्य, तर त्या चाकाची वायर, कनेक्टर, बेअरिंग, मग सेन्सर, अशा क्रमानं जा. बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि त्यानंतरच दिवा आला असेल, तर ते उलटं बसलं आहे का ते आधी तपासा. चुंबकी कड सेन्सरकडं नसली तर सिग्नल येतच नाही.

लातूर, शिक्षिका

सुट्टीत गाडी बरेच दिवस उन्हात उभी होती. सुरू केली तर ईएसपीसोबत स्टिअरिंगचाही दिवा लागला आणि स्टिअरिंग जड वाटलं. भावाकडे मल्टिमीटर होता. गाडी बंद असताना बॅटरी ११.९ व्होल्ट दाखवत होती. चांगली, भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, आणि इंजिन चालू असताना १४ च्या जवळ आकडा दिसायला हवा. आपल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर मान टाकतात, आणि व्होल्टेज पडलं की एकाच वेळी चार दिवे लागतात. नवी बॅटरी बसवल्यावर बाकीचे गेले, ईएसपीचा मात्र राहिला. बॅटरी काढल्यामुळे स्टिअरिंगचा कोन सेन्सर विसरतो, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं सापडलं. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवलं, सरळ केलं आणि मोकळ्या रस्त्यावर थोडं सरळ चालवलं. दिवा विझला. काही गाड्यांना हेच काम स्कॅनरनं करावं लागतं, म्हणून आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल वाचा. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून असतं आणि कुणी उघडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बीड

ब्रेकच्या पेडलजवळचं स्विच. ईएसपीचा दिवा होता आणि क्रूझ कंट्रोलही (ॲक्सिलरेटर न दाबता वेग कायम ठेवणारी सोय) लागेना. रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी केली, ब्रेक दाबला तर भिंतीवर लाल उजेड कधी पडे, कधी नाही. स्विच बदललं, विषय संपला. हा पार्ट स्वस्त असतो, आणि मागचे ब्रेक लाइट लागत नसतील तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण थांबलेलं कळत नाही. त्यामुळं हे सगळ्यात आधी बघा.

नांदेड

उंदीर! घरात सोयाबीन आणि कापूस साठवलेला, शेजारीच गाडी लावायलो. पुढच्या चाकाच्या वरच्या भागात दोन बारीक वायरी कुरतडलेल्या सापडल्या. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणारे भेटतात, ते टिकत नाही, पहिल्या पावसात दिवा परत येतो. सोल्डर करून वरून उष्णतेनं आवळणारी नळी चढवून घेतली. तेव्हापासून गाडी धान्याजवळ लावतच नाही.

धाराशिव

माझ्या डिझेल गाडीला इंजिनचा आणि ईएसपीचा दिवा सोबत लागायचे, आणि चढावर गाडी ओढायची नाही. सगळे चाकं बघत बसले. गाडी घसरली तर ईएसपीला इंजिनची ताकद कमी करावी लागते. इंजिनच बिघडलेलं असेल तर ते काम होत नाही, म्हणून ती स्वतःच बाजूला होते. कोड निघाला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बोचा रबरी पाइप उष्णतेनं तडकला होता. पाइप बदलून कोड पुसला, दोन्ही दिवे गेले. इंजिनचा आणि ईएसपीचा दिवा एकत्र असतील तर इंजिनकडून सुरुवात करा.

हिंगोली

पंक्चर झालं म्हणून स्टेपनी लावून हायवेला निघालो आणि दिवा आला. माझी चाकं २१५/६० आर १७, स्टेपनी २०५/६५ आर १६. मुलानं हिशेब केला: एकाचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६७३. म्हणजे स्टेपनीचं चाक त्याच अंतरात जास्त वेळा फिरतं आणि यंत्रणेला वाटतं काहीतरी घसरतंय. मूळ चाक लावल्यावर सगळं ठीक.

छत्रपती संभाजीनगर

एक गोष्ट इथे आलेली नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. पिवळ्या दिव्यांबरोबर ब्रेकचा लाल दिवा लागला, हँडब्रेक खाली असूनही, तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवा. कन्नडचा घाट उतरायच्या आधी माझ्या भावजींच्या गाडीत हे झालं. बोनेट उघडलं तर ब्रेक ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल. त्यांनी गाडी तिथेच ठेवली आणि क्रेन बोलावली. अशा वेळी मागच्या चाकांना ब्रेकचा दाब वाटून देणारी व्यवस्थाही बंद असू शकते, आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. नुसतं ऑइल ओतून उतरणं म्हणजे गळती तशीच ठेवून उतरणं. ऑइल टाकायचंच असेल तर झाकणावर लिहिलेलं तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल चुकूनही नाही, ब्रेकचे रबर फुगतात.

परभणी, वरचाच

एक राहिलं. चित्राखाली ओएफएफ लिहून दिवा लागला असेल तर बहुधा बटण दाबलं गेलंय, बिघाड नाही. चिखलात रुतल्यावर ते बटण मुद्दाम बंद करावं लागतं. नाहीतर चाक घसरलं की यंत्रणा ताकद तोडते आणि गाडी जागची हलत नाही. डांबरी रस्त्याला लागलात की बटण दाबून परत चालू करा.