मदत हवी आहे: मॅट व्हार्निशचा हात मारला की गंजाची पावडर गायब होते

एचओ स्केलच्या (१:८७) मॉडेल रेल्वेतल्या बॉक्सएन वाघिणींचं (उघड्या मालडब्यांचं) वेदरिंग, म्हणजे त्यांना गंजलेलं-मळलेलं रूप देणं, चाललंय. प्लास्टिक बॉडीवर अ‍ॅक्रिलिक तपकिरी, मग मॅट व्हार्निश, पातळ ऑइल वॉश (खाचांत उतरणारा पातळ केलेला तेलरंग) आणि तो पूर्ण सुकल्यावर कोरड्या ब्रशने पिगमेंट पावडर (रंगाची कोरडी पूड). इथपर्यंत झकास. शेवटचं व्हार्निश फवारलं की कोळशाची काळी धूळ टिकते, पण उभ्या पट्ट्यांच्या बुडाशी साचलेला नारिंगी गंज ओला झाल्यासारखा गडद होतो आणि मूळ तपकिरीत मिसळून जातो.

एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा, दाब १५ पीएसआय. लांबून अगदी पातळ हात मारले. फरक पडतो, पण पुरेसा नाही. पावडर जास्त लावली तर फवाऱ्यानेच उडते. ब्रशने कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला तर पावडर छान बसते, पण खालच्या व्हार्निशवर पांढरट झाक येते. इनॅमल थिनर वापरलेला नाही, कारण ऑइल वॉश उचलला जाईल.

पावडर तशीच सोडणं शक्य नाही, वाघिणी हाताळल्या जातात. फोटो रुळाच्या उंचीवरून, तिरप्या उजेडात, फोकस स्टॅकिंगने (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडून) काढायचेत, म्हणून जाडंभरडं काही चालणार नाही: ०.२ मिमीचा कण म्हणजे खऱ्या वाघिणीवर पावणेदोन सेंटिमीटरचं ढेकूळ!

फिकट पिगमेंट तुम्ही नेमकं कशाने बसवता? अल्कोहोलच वापरत असाल, तर त्याखाली कुठल्या प्रकारचं व्हार्निश पांढरं पडत नाही? आणि व्हार्निशनेच बसवत असाल, तर गडद होणं गृहीत धरून छटा आधी किती फिकट घेता?