धर्म आणि राज्य: पृथक्करण, विच्छेद की फारकत?

कळवा_खाडी: एकांकिका लिहितेय. एक काल्पनिक बेट, तिथलं नवंकोरं प्रजासत्ताक. जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, पंचांग, बंदरावरची जकात, सगळं आजवर मठाच्या हातात. नव्या घटनेच्या सातव्या कलमाने ते सरकारकडे येतं आणि मठाचा तनखा बंद होतो. हे कलम चौकात मोठ्याने वाचायचंय. मी लिहिलं होतं, 'धर्मसंस्था व राज्यसंस्था यांचे पृथक्करण'. काल नौपाड्यात तालमीला दवंडीवाला झालेला मुलगा म्हणाला, "ताई, पृथक्करण पाण्याचं करतात, लॅबमध्ये." तालीम तिथेच संपली. तोंडात बसेल आणि तरी घटनेतला वाटेल असा शब्द सुचवा.

शुद्धलेखनी: मुलगा बरोबर आहे. पृथक्करण म्हणजे घटक सुटे करून तपासणं. 'विच्छेद' घ्या. धर्म-राज्य-विच्छेद.

तलावपाळी: 'धर्मराज्य' कानावर पडलं की प्रेक्षक युधिष्ठिराची वाट बघत बसतील. आणि विच्छेद म्हटलं की शवविच्छेदन. सरळ 'फारकत' म्हणा. 'धर्म आणि राजकारण यांची फारकत' पेपरात वाचतच मोठे झालो, कोश उघडावा लागला नाही.

शुद्धलेखनी: फारकत परकी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द हटवायलाच ना? शिवाय घटनेत नवरा-बायकोच्या भांडणातला शब्द शोभत नाही.

मोडी_वाचतो: नवरा-बायको फार नंतर आले हो. मूळ फारखती. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे कागद. देणंघेणं फिटलं, आता तुझ्यावर माझा दावा नाही, असं लिहून देण्याचा कागद तो. ताईंच्या नाटकात तनखा, जकात, वह्या, म्हणजे हिशेबच मिटवायचाय. फ्रान्सचा १९०५ चा कायदा असाच हिशेबी: पाद्र्यांचे सरकारी पगार बंद, पण आधीची कॅथेड्रलं सरकारच्या मालकीची आणि गावोगावची बहुतेक चर्चं नगरपालिकांची, वापर मात्र भाविकांचा. अल्सास-मोझेल तेव्हा जर्मनीकडे होतं, म्हणून तिथे हा कायदा लागू नाही; तिथल्या पाद्र्यांना आजही सरकारी पगार आहे.

सीबीडी_बेलापूर: फारखतीचं माहीत नाही, पण आमची आजी 'फरकत झाली' म्हणायची. ते 'फरक'वरून नसेल? गझलेत 'फुर्कत' येतो, विरह या अर्थी. तोच इथे आला असणार.

मोडी_वाचतो: आजीचा उच्चार हा पुरावा होत नाही.

सीबीडी_बेलापूर: मग तुमचा कागद तरी कुणी पाहिलाय?

घणसोलीची: जरा थांबा. नोंदी मठाकडे, म्हणजे लग्नं लावणारेही मठाचेच असणार. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाऊन लग्न लावायची. ती बाईमाणूस. तिचा कुठला मठ आणि कुठलं पीठ? बेटावर अशी कुणी असेल तर कलम सात तिला लागू होतं का? 'धर्मसंस्था'त ती मावत नाही. तिच्याकडून सरकार कुठली वही जमा करणार? तिच्या सगळ्या नोंदी तोंडपाठ.

कळवा_खाडी: हे पात्र मी घेणार, नक्की! पण कलमातला शब्द?

तलावपाळी: शब्द कसा सापडेल, आपल्याकडे ती गोष्टच झालेली नाही. १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा बघा. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवले, खटला २०१४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला, आणि देऊळ सरकारने नेमलेल्या समितीकडे आलं. आषाढीला शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. याला फारकत म्हणत नाहीत, याला घरजावई होणं म्हणतात.

शुद्धलेखनी: बडव्यांकडे ठेवायला हवं होतं का मग? घोळ 'धर्मनिरपेक्ष' या शब्दाने घातलाय. दान, कर्तव्य, स्वभाव, सगळ्याला आपण धर्म म्हणतो. त्यापासून निरपेक्ष कोण राहणार? उद्देशिकेच्या हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' आहे. तेच मराठीत हवं होतं.

मोडी_वाचतो: पंथ म्हटलं की मराठी माणसाला वारकरी, महानुभाव, नाथ आठवतात. सरकारने फक्त त्यांच्यापासून लांब राहायचं का? आणि मराठी पाठात १९७६ च्या दुरुस्तीपासून 'धर्मनिरपेक्ष' रुळलाय. त्याच ओळीत 'गणराज्य' आहे, तरी २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन करतो. ते कुणाला खटकत नाही.

सीबीडी_बेलापूर: मला खटकतं. प्रजा आली की राजा आला. नवं बेट आहे तर गणराज्यच हवं.

तलावपाळी: वैशालीच्या गणराज्यात मोठ्या कुळांचेच लोक सभेला बसायचे. त्यापेक्षा आमची प्रजा बरी.

शुद्धलेखनी: प्रजा म्हणजे मूळ संस्कृतात संतती. राजाचा संबंध नंतरचा.

घणसोलीची: गावात आजही 'त्यांची प्रजा वाढली' म्हणतात, पोराबाळांबद्दलच. 'सत्ताक' मात्र प्रजासत्ताकाशिवाय कुठे ऐकला नाही. तो 'क' कुठून आला?

शुद्धलेखनी: प्रत्यय आहे, बहुव्रीहीतला.

सीबीडी_बेलापूर: मग लोकसत्ताक का नाही?

मोडी_वाचतो: पेपरचं नाव होतं म्हणून.