गाबेसचे खतकारखाने शहराजवळून हलवायलाच हवेत

रानवाट
ऑक्टोबर 2025 मध्ये ट्युनिशियातल्या गाबेस शहरात शाळकरी मुलं वायूनं गुदमरली, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. 21 तारखेला शहर कडकडीत बंद राहिलं आणि हजारो माणसं रस्त्यावर उतरली. मागणी एकच, शेजारच्या घन्नूशचे रासायनिक कारखाने मोडा. मला ती शंभर टक्के रास्त वाटते.

गाबेस म्हणजे भूमध्य समुद्राला खेटून वसलेलं मरूद्यान. रोमन काळात त्याला टाकापे म्हणत. पहिल्या शतकात प्लिनीनं इथली शेती लिहून ठेवली आहे: खजुराखाली ऑलिव्ह, त्याखाली अंजीर, अंजिराखाली डाळिंब, मग द्राक्षवेल, आणि वेलीखाली गहू, कडधान्य, भाजीपाला. झऱ्याचं पाणी ठरलेल्या वेळेला, पाळीनं. अशी एकावर एक रचलेली शेती जवळपास दोन हजार वर्षं टिकली.

1970 च्या दशकात सरकारी कंपनीनं इथे फॉस्फोरिक आम्लाचे कारखाने आणि बंदर उभारलं. कारखान्यांनी भूजल ओढलं, झरे आटत गेले. एक टन आम्लामागे सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम (टाकाऊ जिप्सम) निघतं, ते वर्षानुवर्षं सरळ गाबेसच्या आखातात सोडलं. जून 2017 मध्ये सरकारनंच हे थांबवून कारखाने हलवायचं कबूल केलं होतं. आजही धुराडी तिथेच आहेत.

पेरणी
असहमत. माझं खताचं दुकान आहे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि डीएपी आलं नाही की शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो ते मी दरवर्षी बघतो. डीएपी म्हणजे 18:46, 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद (फॉस्फेट). ते 46 टक्के स्फुरद येतं कुठून? आपल्याकडे फॉस्फेटचा खडक गरजेच्या मानानं फार थोडा. बाकी सगळी मदार मोरोक्को, जॉर्डन, ट्युनिशिया अशा देशांवर. याच आखाताच्या काठी स्खिराला 2013 मध्ये सुरू झालेला आम्लाचा कारखाना तर भारतीय कंपन्यांच्या भागीदारीतलाच आहे.

तिथल्या माणसांचंही बघा. 2008 साली गाफ्साच्या फॉस्फेट खाणपट्ट्यात, रेदेयेफला, नोकरभरतीच्या निकालावरून उठाव झाला. महिनोन्‌महिने चालला, माणसं मेली. खाणीतल्या एका नोकरीची किंमत तिथे एवढी आहे! 2010 मध्ये देशात सुमारे 80 लाख टन फॉस्फेट निघत होतं, 2011 च्या क्रांतीनंतर ते निम्म्याच्या खाली आलं. अशा देशाला कारखाने मोडा म्हणणं आपल्याला सोपं आहे.

दर्यावर्दी
पेरणीदादा, नोकऱ्या फक्त कारखान्यातच मोजायच्या का? आमचं घर मासेमारीवर वाढलंय, म्हणून सांगतो. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी जेमतेम जाणवते, पण गाबेसच्या आखातात पाणी दीड-दोन मीटर चढतं. उथळ, उबदार पाणी, तळाला समुद्री गवताची कुरणं; माशांची पिल्लं वाढायला याहून चांगली जागा नाही. त्या गवतावर गाळ बसला की ते मरतं, आणि मग माशाचं येणंच तुटतं. लहान होडीवाला लांब खोल पाण्यात जाऊ शकत नाही. त्याच्या बुडालेल्या रोजगाराचा आकडा कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

ताम्हण
मी रासायनिक अभियंता. दोन प्रश्नांची गल्लत होतेय. मुलं गुदमरतात ती वायूमुळे, समुद्र मरतो तो जिप्सममुळे. फॉस्फोरिक आम्ल करायला गंधकाम्ल लागतं; त्याच्या जुन्या संयंत्राला दुहेरी शोषण (वायू एकाऐवजी दोनदा शोषून घ्यायची सोय) बसवलं की धुराड्यातून जाणारा सल्फर डायऑक्साइड कितीतरी कमी होतो. ही जुनी, सिद्ध पद्धत आहे. जिप्समचं म्हणाल तर ओडिशातल्या पारादीपच्या खतकारखान्यांत ते जमिनीवर साठवतात, आणि चोपण जमीन सुधारायला आपले शेतकरी ते विकत घेतात. कारखाना तिथेच ठेवून हे सगळं करता येतं. हलवायचा तर कुठे? जी जागा सुचवली तिथले लोकही नको म्हणाले.

रानवाट
ताम्हण, दुहेरी शोषणाचं पटलं, ते उद्याच व्हावं. पण ट्युनिशियाच्या फॉस्फेट खडकात कॅडमियम हा विषारी धातू जास्त आहे, त्यामुळे तिथलं जिप्सम सरसकट शेतात टाका असं म्हणता येणार नाही. ढीग घातला तर तो खजुरांच्या बागांजवळच येणार.

आणि शहराजवळून कारखाना काढणं अशक्य नाही हे शेजारच्या स्फॅक्सनं दाखवलंय. तिथला फॉस्फेटचा कारखाना 1991 च्या सुमारास बंद झाला. मग त्याच किनाऱ्यावरचे जिप्समचे ढीग एकत्र करून झाकले, 400 हेक्टरांहून जास्त जागा मोकळी केली. स्फॅक्स राजधानी ट्युनिसनंतरचं मोठं शहर, त्याचं ऐकलं गेलं. गाबेस दक्षिणेतलं, राजधानीपासून दूर. मला खरा राग याचा येतो.

पेरणी
स्फॅक्सचं माहीत नव्हतं. जिप्सम समुद्रात सोडणं आजच थांबवा, याला माझाही पाठिंबा. त्यानं खत महागलं तर दुकानदार म्हणून मी ते गिऱ्हाइकाला समजावून सांगेन. पण नवा कारखाना चालू होऊन तीच माणसं तिथे कामाला लागल्याशिवाय जुन्याला कुलूप लावू नये. रेदेयेफची पोरं अजून नोकरीचीच वाट बघतायत.

दर्यावर्दी
2017 पासून होडीवालेही वाटच बघतायत.