हस्कीला जोडीदार हवा की घरात माणूस?

खवचट कोथरूडकर
‘हस्की एकटा ठेवणं क्रूरपणा आहे, घ्यायचा तर जोडीनंच घ्या’ असा धागा परवा वर आला आणि खाली नुसते बदामच बदाम. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी ही कुत्री टोळीनं बर्फावरची गाडी, म्हणजे स्लेज, ओढायला घडवली, कबूल. पण त्या टोळीसोबत माणूस असायचा. इथे नवराबायको दोघं हिंजवडीला आणि कुत्रं बाल्कनीत. तिथे दुसरं आणून सोडलंत की कंटाळलेली कुत्री दोन होतात, बस. समोरच्या बिल्डिंगीत हेच चाललंय.

रानवारा
तो धागा माझा. ‘जोडीनं घ्या’ लिहिलं होतं, ‘कोंडून ठेवा’ नाही. माझी हस्की एकटी असली की पंजातून रक्त येईपर्यंत दार खरवडायची. रस्त्यावरचं गावठी पिल्लू आणलं, खरवडणं थांबलं. तुमच्याकडे कुत्रं आहे, की नुसता समोरच्या बिल्डिंगीचा अभ्यास?

त्रस्त सचिव
कुत्र्यांचं एकटेपण राहू द्या. आमच्याकडचा भुंकत नाही, गळा काढतो. मालक ऑफिसात, ऐकतो आम्ही. माझ्या आईला दुपारी डोळा लागेना. शेवटी सोसायटीच्या सभेत कुत्र्यांवर बंदीचा ठराव केला.

रानवारा
फाडा तो. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना वाचा. बहुमतानंसुद्धा पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही.

त्रस्त सचिव
सूचना लिहिणारे आमच्या चौथ्या मजल्यावर राहत नाहीत. आणि लिफ्टमधले केस कोण काढणार? मंडळ?

खवचट कोथरूडकर
सचिवसाहेब, पार्किंगमध्ये डीजे लागतो तेव्हा आईंना झोप लागते वाटतं?

त्रस्त सचिव
सणावर घसरू नका! दहा दिवस आणि बारा महिने यात फरक असतो.

मुधोळवाला
मुळात घेता कशाला? धंदेवाईक पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणायला २०१६पासून बंदी आहे. म्हणजे ही पिल्लं इथल्याच कुठल्या तरी पिंजऱ्यात जन्मलेली. केसांचा दुहेरी कोट घालून पुण्याच्या एप्रिलमध्ये मरायला.

रानवारा
आले, यांचंच राहिलं होतं. जोडीवर परत या. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावाला घटसर्पाचं औषध पोचवलं ते स्लेज ओढणाऱ्या टोळ्यांनीच ना? हजारावर किलोमीटर. एकट्या कुत्र्यानं नाही.

खवचट कोथरूडकर
बरं झालं काढलंत. त्यातल्या शेवटच्या टोळीचा म्होरक्या कुत्रा बाल्टो पुढे लॉस एंजेलिसच्या एका फालतू तमाशाघरात हाल काढत होता. सोबत टोळीतली आणखी सहा कुत्री होती! १९२७ साली क्लीव्हलँडच्या लोकांनी वर्गणी काढून सोडवलं. सोबत होतीच की. उपयोग?

उत्तरवासी
स्टॉकहोमहून. इथे दिवसा किमान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर न्यावं लागतं, नियमच आहे. नोकरदार त्याला पाळणाघरात ठेवतात. शेजाऱ्याकडे स्लेजमधून निवृत्त झालेलं एकटंच म्हातारं आहे. पण शेजारी दिवसभर घरी असतो, आणि ते मजेत आहे.

रानवारा
शेजाऱ्यांचं छान आहे. आम्हाला घरून काम नाही, भाऊ. ठीक, धाग्यात ओळ घालते: ‘दिवसभर घरी कोणी नसेल तर एकही घेऊ नका.’ झालं समाधान? पण घरात माणूस असेल तर जोडी बरीच. त्यावरून मी हलणार नाही.

खवचट कोथरूडकर
पहिल्याच दिवशी घातली असतीत तर माझी संध्याकाळ वाचली असती.

त्रस्त सचिव
आमच्या सोसायटीतले कोणी हस्कीवाले वाचत असतील तर रविवारी सहाला सभा आहे. यावे. कुत्र्याला घरी एकटं न ठेवता, आणि सोबतही न आणता.