डेविट क्लिंटन: फक्त काकाची पुण्याई नव्हती

काही जण म्हणतात की डेविट क्लिंटन काकाच्या पुण्याईवर अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला, ते अर्धंच खरं आहे. काका जॉर्ज क्लिंटन राज्याचा पहिला गव्हर्नर आणि पुतण्या त्याचा सेक्रेटरी, इथपर्यंत मान्य, पण पुढचं बघा ना. विधानसभा, स्टेट सिनेट, मग १८०२ मध्ये थेट अमेरिकेची सिनेट, आणि पुढच्याच वर्षी ती सोडून न्यूयॉर्क शहराचा मेयर! आज विचित्र वाटतं, पण तेव्हा त्या पदाला खूप वजन होतं.

त्याचं खरं काम म्हणजे ईरी कालवा. हडसन नदीपासून ईरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत ३६३ मैल, ८३ लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारे दरवाजेबंद टप्पे), नुसता ४ फूट खोल, केंद्राने पैसे दिले नाहीत म्हणून राज्याने स्वतः कर्ज काढून खणला आणि लोक त्याला 'क्लिंटनचा चर' म्हणून हसायचे. १८२४ मध्ये तर विरोधकांनी क्लिंटनला कालव्याचं काम बघणाऱ्या कमिशनवरूनच काढलं, बिनपगारी काम होतं हो ते! लोक इतके भडकले की त्याच वर्षी त्याला परत गव्हर्नर म्हणून निवडून दिलं.

१८२५ मध्ये तो बफेलोहून बोटीने निघाला, सोबत ईरी सरोवराच्या पाण्याची पिंपं, आणि न्यूयॉर्कला पोचल्यावर ते पाणी स्वतःच्या हाताने समुद्रात ओतलं. मला हा प्रसंग फार आवडतो. पुढे १८२८ मध्ये पदावर असतानाच तो गेला.